माईक जरा बंद ठेवाल का?

आज सामूहिक ध्यानातून अर्ध्यावर उठून आले. डोळे मिटून जेमतेम पाच मिनिटं झाली असतील, तोच माईकवरून सुरू. "आता शांतता अनुभवा... आता आपण सगळे एकरूप होतोय..." मागे बासरीचं रेकॉर्डिंग. वर कोणीतरी पुढून फोटो काढतंय. मिटलेल्या डोळ्यांनाही फ्लॅश कळतो हो! अरे, शांततेला यायला जागा तर ठेवा!

आई गेल्यानंतर कित्येक महिने मला घरी डोळे मिटून बसताच यायचं नाही. मिटले की हॉस्पिटलमधल्या मॉनिटरचा आवाज. एका मैत्रिणीने जवळजवळ ओढतच अशा एका बैठकीला नेलं. माईक नाही, संगीत नाही, चाळीसेक माणसं नुसती बसलेली. थोड्या वेळाने मला रडू फुटलं. नाक ओढल्याचा आवाज सगळ्या हॉलभर जातोय असं वाटून मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी स्वेटर घातलेले एक आजोबा होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही, काही विचारलं नाही. त्यांचा श्वास संथ चालला होता, तो मला ऐकू येत होता. कधी माझाही तसाच चालायला लागला, कळलं नाही.

घरी रडले असते तर कोणीतरी पाणी आणलं असतं, समजूत घातली असती. तिथे इतक्या माणसांनी मला नुसतं रडू दिलं. त्या तासाभरात मॉनिटर एकदाही वाजला नाही.

"ध्यानाला गर्दी कशाला, घरी बसा की" म्हणणाऱ्यांना मी आता उत्तरंच देत नाही. असतील कोणी एकट्याने स्थिर होणारे, त्यांना नमस्कार. पण विपश्यनेच्या 10 दिवसांच्या शिबिरात दिवसातून तीन वेळा एकेक तास सगळ्यांना हॉलमध्ये एकत्र का बसवतात? आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सतराव्या शतकापासून तेच करत आलेत. त्यांच्या मौन सभेत पुरोहित नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळे गप्प बसतात, आतून अगदी उमटलंच तर एखादा उठून चार शब्द बोलतो आणि खाली बसतो. कोणी मिनिटामिनिटाला सूचना देत नाही!

दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातली अजातशत्रूची गोष्ट मला फार जवळची वाटते. बापाचा जीव घेऊन गादीवर बसलेला राजा. पौर्णिमेच्या रात्री त्याचा वैद्य जीवक त्याला बुद्धांकडे घेऊन निघतो. आमराई जवळ येते तसा राजा घाबरतो. 1250 भिक्षू आहेत म्हणतोस, मग साधं खोकल्याचाही आवाज कसा नाही? मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? आणि आत गेल्यावर तो स्तब्ध जनसमुदाय बघून त्याच्या तोंडून काय निघतं, तर माझ्या मुलाला अशी शांती लाभो. अजून उपदेशाचा एक शब्दही कानावर पडलेला नसतो.

मला त्या आजोबांचं नावही माहीत नाही. बैठक संपल्यावर ते सतरंजीची घडी घालत होते, मी दुसरं टोक धरलं. कोपऱ्याला कोपरा जुळवला, आणि ते गेले. तरी आईच्या दुःखात मला सगळ्यात जवळचं कोण होतं असं विचाराल तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन. एकरूप होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी उमगलं. माईकवरून घोषणा करून ते होत नसतं.

बुवाबाजी असते, गर्दीत माणसं वाहवतात, मान्य. म्हणून सगळ्यांनी आपापल्या खोलीत कोंडून घ्यायचं का?

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. माईक धरणाऱ्या ताई वाईट नाहीत. लोक कंटाळून निघून जातील अशी त्यांना भीती वाटत असेल. पण ताई, आजही तिथे कोणीतरी नुकतंच आपलं माणूस गमावून आलेलं असणार. त्याला रडायचं असेल तर तुमच्या दोन वाक्यांच्या मध्ये तेवढी उसंतच नव्हती. पुढच्या वेळी सुरुवातीला काय सांगायचं ते सांगा आणि मग तासभर माईक बंद ठेवा. कोणी उठून गेलं तर जाऊ दे. मी येईन, मागच्या रांगेत बसेन.