शिळ्या क्विनोआची फोडणी

स्वयंपाकघरात माझी जी काही पत आहे, ती फोडणीच्या भातावर. बाकी नारळ खोवण्यापलीकडे मी कधी गेलेलो नाही. पण रविवारी सकाळी आदल्या रात्रीचा भात उरलेला असला, की बायको कढई माझ्या हवाली करते आणि स्वतः पेपर घेऊन बसते. शेजारच्या बिऱ्हाडातून 'आज भाऊंचा हात दिसतोय' असा आवाज येतो. अशा वेळी मी उगाच मिरची थोडी जास्त घालतो.

या सुखाला दृष्ट लागली ती रक्ताच्या रिपोर्टमुळे. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.2 आला. डॉक्टर म्हणाले, 'काठावर आहात.' पाण्यात पडलेल्या माणसाच्या वाटेला कुणी फारसं जात नाही, पण काठावर उभ्या असलेल्याला सल्ला द्यायला अख्खं डोंबिवली जमतं. कुणी मेथ्या सांगितल्या, कुणी जांभळाच्या बिया, कुणी कारल्याचा रस. लेक बंगळुरूला असते. तिनं तिथूनच भातबंदी जाहीर केली आणि संध्याकाळपर्यंत एक पाकीट दारात हजर.

'बाबा, तुझा फोडणीचा भात बंद नाही करायचा. फक्त भाताच्या जागी क्विनोआ घाल.'

म्हणजे वारी चालू ठेवा, फक्त पंढरपूरच्या जागी माथेरानला जा.

आईनं पाकीट उलटंसुलटं केलं, किमतीपाशी थबकली आणि म्हणाली, 'यात चांदीचा वर्ख आहे का रे?' मी पाकिटावरची माहिती मोठ्यानं वाचून दाखवली. शंभर ग्रॅम कच्च्या क्विनोआत साधारण 14 ग्रॅम प्रथिनं. पांढऱ्या तांदळात याच्या निम्मीच असतात. पिष्टमय पदार्थ मात्र इथेही साठ ग्रॅमच्या वर होते, ती ओळ मी मनातल्या मनात वाचली. उगमस्थान अँडीज पर्वत, बोलिव्हिया आणि पेरू. तिथल्या टिटिकाका सरोवराच्या आसपास हजारो वर्षांपासून हे पीक घेतात, समुद्रसपाटीपासून 3800 मीटरवर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई उभी केली तरी तिथवर हात पुरायचा नाही. आणि हे धान्य आता आमच्या दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत येऊन पडलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे साल क्विनोआचं म्हणून साजरं केलं आणि बोलिव्हियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस त्याचे खास राजदूत होते. ज्वारी-नाचणीच्या नशिबी असलं वर्ष यायला 2023 उजाडलं. आमच्या घरात तर ज्वारीला तेव्हाही कुणी विचारलं नाही, ती आपली रोज मुकाट्यानं भाकरी होत राहिली.

पण खरी अडचण प्रथिनांची नव्हती, उंचीचीही नव्हती. फोडणीचा भात हा मुळात करण्याचा पदार्थच नाही, तो उरण्याचा पदार्थ आहे. रात्री कुणीतरी बाहेरून खाऊन येतं, कुणाचं पोट बिघडतं, कुणी रुसून अर्ध्या ताटावरून उठतं, तेव्हा कुठे सकाळी पातेल्यात दोन वाट्या भात सापडतो. रात्रभरात त्याच्यातलं स्टार्च थंड होऊन घट्ट झालेलं असतं, म्हणून शितं कडक आणि सुटी होतात. कढईत पडल्यावर ती एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. तांदूळ वाडा कोलम असला तर काही बघायलाच नको. आंबेमोहोराचा भात शिळा झाला तरी त्याचा मऊपणा जात नाही, त्याला दहीभाताच्याच वाटेनं पाठवावं. आणि ताज्या भाताला फोडणी घालणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत, पण त्यांच्याविषयी मी बोलणार नाही.

आता सांगा, क्विनोआ उरणार कसा? त्या किमतीचं धान्य कुणी अंदाज चुकवून जास्त लावतं का? आणि समजा लावलं, तर रात्री जेवायला कोण बसणार? म्हणजे तो मुद्दाम आदल्या रात्री शिजवायचा, कुणी खायचा नाही आणि शिळा व्हायला ठेवायचा. हा बेत ऐकून आईनं जपमाळ खाली ठेवली.

'ताजं असताना खायचं नाही, शिळं झालं की मग खायचं, ही कुठली रीत?'

'बंगळुरूची,' मी म्हणालो.

शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मी कामाला लागलो. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिन नावाचं कडू आवरण असतं. पाखरांनी दाणे खाऊ नयेत म्हणून झाडानं केलेला तो बंदोबस्त. विकताना बरंचसं काढून टाकतात, तरी धुवून घ्यावं लागतं. तांदूळ धुवायच्या चाळणीत ओतले, तर निम्मे दाणे भोकांतून सिंककडे निघाले, ते वेळीच वाटीत झेलले. मग चहाची गाळणी घेतली. तीत एका वेळी दोन चमचे मावतात. शेवटी श्रीखंडासाठी चक्का टांगायचं मलमलचं फडकं काढलं, त्यात सगळं बांधलं आणि नळाखाली धरून चोळलं. पांढरा शुभ्र फेस आला. एकदा आला, पुन्हा आला, येतच राहिला. सिंक भरलं.

'अहो, भांड्याचा साबण केवढा ओतलात?' बायको बाहेरून ओरडली.

मी सांगितलं की साबण नाही, रिठ्यात जे असतं तेच यात असतं.

'मग आधी डोक्याला लावून बघा.'

कुकरच्या शिट्ट्यांत याचा लगदा होतो म्हणून पातेल्यात शिजवायला घेतला. एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, झाकण, मंद आच, पंधरा मिनिटं. सोपं आहे. पण शिजला हे कळायचं कसं? शितावरून भाताची परीक्षा करण्यात आमच्या पिढ्या गेल्या, एक शीत बोटांत दाबलं की पातेल्याची कुंडली समजते. इथे चिमटीत एक दाणा धरावा तर चार येतात, आणि दाबावं तर चारही निसटतात. खूण वेगळीच आहे. दाणा काचेसारखा अर्धपारदर्शक होतो आणि त्याच्या कडेनं गुंडाळलेला अंकुर सुटून पांढऱ्या शेपटीसारखा बाहेर वळतो. एकेका दाण्याला एकेक शेपटी. दिव्याखाली फार देखणं दिसतं, हे मला मान्य करायला हवं.

आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून तिला नको ते सगळं दिसतं. तिनं पातेल्यात डोकावलं.

'अळ्या झाल्यात रे याला.'

'अळ्या नाहीत, अंकुर आहे. शिजला की असाच दिसतो.'

'किडलंय म्हणून सरळ परत कर. पैसे देतात हल्ली.'

तिची समजूत घालायला मी या धान्याचं गणगोत काढलं आणि तिथेच अडकलो. क्विनोआ राजगिऱ्याच्या कुळातला. हे ऐकताच आईचे डोळे चमकले, कारण राजगिरा उपासाला चालतो आणि दोन दिवसांवर एकादशी होती. पण त्याचं त्याहून जवळचं नातं आपल्या चाकवताशी आहे, आणि चाकवत उपासाला चालत नाही. आईनं खटला रीतसर चालवला. राजगिरा एका बाजूला, चाकवत दुसऱ्या बाजूला. मी वकिली करू लागलो, की आई, तुझी साबुदाण्याची खिचडी घे, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तर क्विनोआच्याच डोंगरातला, शेंगदाणे तिकडचे, मिरचीही अमेरिकेतलीच. तुझा अख्खा उपास परदेशी आहे, मग या एकट्यानंच काय घोडं मारलंय?

'ते आले तेव्हा मी नव्हते,' आई म्हणाली. 'हा माझ्या डोळ्यांदेखत आलाय.'

निकाल लागला. उपासाला नाही.

शिजलेला क्विनोआ परातीत पसरून पंख्याखाली ठेवला, कारण तो पोटात पाणी धरून बसतो आणि तसाच कढईत घातला तर त्याचा सांजा होतो. मग फ्रिजमध्ये. सकाळी झाकण काढलं तेव्हा दाणे सुटे, कोरडे, शिस्तीत होते. मला बरं वाटलं. कढईत तेल, मोहरी तडतडली, जिरं, हिंग, शेंगदाणे तांबूस, मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद. इथवर घर नेहमीचं होतं. शेजारून 'आज भाऊंचा हात' असा आवाजसुद्धा आला. मग मी परात उपडी केली.

भात कढईत पडला की चर्र होतं आणि मग तो हळूहळू बोलायला लागतो. तळाशी खरपूड धरते, उलथनं घासून ती सोडवावी लागते आणि त्या खरपुडीसाठी घरात भांडणं होतात. क्विनोआ पडल्यावर फुस्स झालं. मग शांतता. काही दाणे तळाशी तापून टणाटण उड्या मारू लागले, दोन माझ्या चष्म्यावर आले. मोहरी कुठे गेली ते समजेना. दोघांचा आकार जवळपास सारखाच, त्यामुळे ती त्या जत्रेत हरवली ती हरवलीच. हळद मात्र त्यानं झटकन घेतली. वरून लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर. हो, साखर. फोडणीच्या भाताला चिमूटभर साखर लागते, ही पद्धत मी 6.2 साठी बदलणार नाही.

चव? वाईट नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. थोडा मातकट, थोडा अक्रोडासारखा, शेंगदाण्यांशी त्याचं चांगलं जमतं. दोघेही एकाच खंडातले, ओळख जुनी असणार. अडचण हाताची झाली. भाताचा घास आपोआप होतो, बोटं जवळ आणली की झाला. इथे बोटं जवळ आणली की दाणे फटींतून पानात परत. पुन्हा गोळा करा, पुन्हा परत. चमचा घेतला तर चमच्यातून तोंडापर्यंतच्या प्रवासात काहीजण उतरून जातात. शर्टाच्या खिशात गेलेले दुपारी सापडले, टेबलाखालचे मुंग्यांनी शोधले. नाही म्हणायला एक खरं, की इतक्या हळू मी आयुष्यात कधी जेवलो नव्हतो, आणि साखरेवर त्याचाच जास्त परिणाम होत असेल अशी मला शंका आहे.

बायकोनं दोन चमचे खाल्ले, 'छान झालाय' म्हणाली आणि पोळीचा डबा उघडला. उरलेलं सगळं परत झाकून ठेवलं. म्हणजे अखेर तो उरला.

दुपारी आईला वाढायला बसलो. तिच्या पानात नेहमीप्रमाणे मूद, वरण, तूप. तिनं कढईकडे बोट केलं. 'ते तुझं वाढ जरा. डावीकडे, चटणीच्या खाली.' मी चमचाभर वाढलं. तिनं वरणभाताच्या घासाला ते नीट चिकटवलं, एकही दाणा न सांडता तोंडात टाकलं आणि मान डोलावली. 'तोंडीलावणं म्हणून बरं आहे हो.' तिचं पाहून मीही तसंच घेऊन बघितलं. भातात कालवलं की दाणे पळत नाहीत, घास होतो आणि मोहरीसुद्धा सापडते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

'बाबा, क्विनोआ खाल्लास?'

'खाल्ला. सकाळीही आणि दुपारीही.'

'अरे वा! दुपारी कशाशी खाल्लास?'

मी फोन आईकडे दिला.