आठवडाच असेल तर लेह सोडा

आज सकाळी भाच्याने बाइक ट्रिपचा प्लॅन पाठवला, "मावशी, जरा नजर टाक ना". एक्सेल उघडलं आणि डोकंच फिरलं माझं. पहिला दिवस मनाली ते सार्चू (लेहच्या वाटेवरचा तंबूंचा मुक्काम), दुसरा सार्चू ते लेह, तिसऱ्या दिवशी लगेच खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड). प्रत्येक जागेपुढे 'फोटो स्टॉप'चा कॉलम. गाटा लूप्सची 21 वळणं, 10 मिनिटं! तांदीपुढे नुसतं 'पेट्रोल'. अरे तिथे चंद्रा आणि भागा या नद्या एकमेकींना मिळतात, तीच पुढे चिनाब होते, आणि तुम्ही टाकी फुल करून सटकणार? (पेट्रोल भराच, पुढचा पंप 365 किलोमीटरवर अशी पाटीच होती तिथे.)

पण फोटोंचं जाऊ दे, माझा खरा संताप सार्चूच्या मुक्कामावर आहे.

मनाली साधारण 2,050 मीटरवर, सार्चू 4,300च्या आसपास. डॉक्टर लोक सांगून थकले की 3,000 मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नका. नाहीतर विरळ हवेचा त्रास होतो, आणि जिम, मॅरेथॉन, कशाचाही तिथे उपयोग नाही. मागे आम्हीही असेच सार्चूला राहिलो होतो, तेव्हा जिला त्रास झाला ती आमच्या ग्रुपमधली सगळ्यात दणकट पोरगी होती. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाली, रात्री उलट्या सुरू झाल्या, आणि मग मी बघितलं की तिला जॅकेटची चेन लावता येत नाहीये, बोटं चेनवर जायची आणि नुसती चाचपडत राहायची. उभी केली तर झोकांड्या. टेंटवाले भैया आले, तोंडावर टॉर्च मारला आणि एवढंच बोलले, "इनको नीचे ले जाओ, अभी."

आता खाली म्हणजे कुठे? हे कोणीच बघत नाही प्लॅन करताना. सार्चूच्या एका बाजूला बारालाचा ला, 4,890 मीटर, दुसऱ्या बाजूला नकी ला आणि मग लाचुलुंग ला, तो तर 5,000च्याही वर. म्हणजे उतरायचं तर आधी चढायचं, तेही आजारी माणसाला घेऊन, मध्यरात्री! एका टॅक्सीवाल्याकडे ऑक्सिजन सिलेंडर होता म्हणून निभावलं. बारालाचा पार होईपर्यंत मी तिला हाका मारत होते, उत्तर आलं नाही की पोटात गोळा यायचा. खाली लाहौलमधल्या केलाँग गावाला पोचल्यावर कुठे ती नीट बोलायला लागली.

हो, ढीगभर लोक सार्चूला राहतात आणि त्यांना काही होत नाही, मान्य. त्या पोरीलाही होणार नाही असंच वाटत होतं सगळ्यांना.

भाच्याला फोन करून झापलं. तो ऐकून घेत होता बिचारा, मग हळूच म्हणाला, "सुट्टीच आठवड्याची आहे गं". तेव्हा जरा वाईट वाटलं. वर्षभर राबतात ही पोरं, आणि जे काय बघायचंय ते त्या आठवड्यात कोंबतात. 2020 मध्ये मनालीच्या पुढे रोहतांगखालून अटल टनेल झाला, 46 किलोमीटर वाचले, तर तेवढं अजून पुढे पळायचं! वाचलेला वेळ तिथेच घालवा की.

म्हणून सांगते, आठवडाच असेल तर लेह सोडा. मनालीपलीकडच्या लाहौल खोऱ्यातच राहा. जिस्पाला, 3,200 मीटरवर, भागेच्या काठी मुक्काम टाका. आधीचा एक दिवस नुसता आराम, मग बॅगा रूमवर ठेवून सूरज तालपर्यंत जा, जिथून ती भागा निघते, आणि झोपायला परत जिस्पालाच या. यावर भाचेसाहेब म्हणतात, "मग लेहला गेलो असं सांगणार कसं?" सांगायला जाताय का बघायला? लेहच हवं असेल तर जास्त सुट्टी काढून श्रीनगरकडून चढा, सोनमर्ग, कारगिल करत, तिकडून उंची हळूहळू वाढते, लेहला नीट थांबा आणि मग मनालीकडे उतरा. तोपर्यंत शरीर सरावलेलं असतं.

सूरज तालला जाताना जिस्पाहून पहाटेच निघा, ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि दुपारी रस्त्यावरच्या नाल्यांना पाणी वाढतं. आणि डोकं दुखायला लागलं की लगेच ग्रुपला सांगा रे. त्या पोरीचं सार्चूच्या बरंच आधी, पटसिओपासूनच दुखत होतं, आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल म्हणून दिवसभर गप्प बसली होती. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी केलाँगच्या हॉस्पिटलात कळलं.