उणे 30 अंश सोसणारं रोप गोव्यात का कुजतं

पावसाळा तोंडावर आला की बागप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. 'आल्प्सच्या बर्फात तगणारं सेम्परव्हायवम! उणे 30 अंशांतही मरत नाही, मग गोव्यात काय मरणार? युरोपात हे कौलांवर वाढतं, तुम्हीही लावा. पाणी महिन्यातून एकदाच. उन्हाळ्यात कुंडीत बर्फाचे खडे ठेवा. शिवाय रात्रभर ऑक्सिजन मिळेल.' सोबत फोटो असा देखणा की विचारूच नका. यातली एकदोन वाक्यं खरी आहेत, त्यामुळे बाकीचीही खपून जातात.

सेम्परव्हायवम म्हणजे जाड, रसाळ पानांचा फुलासारखा गुच्छ असलेलं छोटं रोप. थंडीचं खरं आहे. त्याच्या कित्येक जाती कडाक्याची थंडी सोसतात. पण ही ताकद अंगभूत चिलखतासारखी बारा महिने नसते. तिकडे हिवाळा जवळ येऊ लागला की पानांत साखर वाढते. पाणी गोठतं ते पेशींच्या बाहेर, त्यामुळे पेशी फुटत नाही. वर बर्फाचा थर असला की त्याखालची मुळं गारठलेली असतात, पण चिंब भिजलेली नसतात. ही सगळी व्यवस्था गारठ्यासाठी आहे. आपल्याकडचा जुलै गारठवत नाही, कुजवतो.

'गोव्याचं ऊन त्याला झेपत नाही,' असं उलट बाजूने सांगणारेही भेटतात. तेही चूकच. आल्प्समध्ये दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाला चिकटून ही झाडं वाढतात आणि उन्हाळ्यातल्या दुपारी तो खडक 50 अंशांच्या जवळपास तापू शकतो. झाडाला मारते ती आपली रात्र. ही झाडं पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात. रात्री ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात तो वापरतात. या कारभाराला गार रात्र लागते. रात्र उबदार राहिली की साठवण कमी पडते आणि श्वसनात खर्च वाढतो. पणजीत जुलैतली रात्र 24 अंशांच्या आसपास अडकलेली असते, जानेवारीतही पारा 20 च्या फार खाली उतरत नाही. महिनोन्‌महिने मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला की झाड अशक्त होतं, आणि अशक्त झाडावर बुरशी लगेच बसते.

त्यात पाऊस. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण 600 ते 700 मिलिमीटर पाणी पडतं. पणजीत वर्षाला 3000 च्या जवळपास पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

कौलांच्या गोष्टीला इतिहास आहे हे मान्य. सम्राट शार्लमेनच्या काळातल्या, सुमारे इ.स. 800 च्या आज्ञापत्रात माळ्याने आपल्या घरावर हे रोप लावावं असं सांगितलंय. वीज पडू नये म्हणून ते लावायची समजूत युरोपात पुढेही टिकली. पण आपल्या मंगलोरी कौलांवर चवथीपर्यंत काय उगवतं ते मान वर करून बघा: शेवाळ आणि नेचे. जिथे नेचा खुशीत वाढतो तिथे सेम्परव्हायवम वाढणार नाही, आणि ते लावायला ओल्या कौलांवर चढून कुणी पाय मोडून घेऊ नये.

'महिन्यातून एकदा पाणी' हा कॅलेंडरचा हिशेब झाला. पावसाळ्यात आडोशाला ठेवलेल्या कुंडीला महिनाभर थेंबही नको असेल. फेब्रुवारीत कोरडा वारा सुटला की आठवड्याला लागेल. कुंडीत बारीक काडी तळापर्यंत खुपसा, कोरडी बाहेर आली तरच पाणी घाला. बर्फाच्या खड्यांनी दुपारी पंधरा मिनिटं गारवा मिळेल, मग तेच पाणी गाभ्याशी साचेल. आणि ऑक्सिजन? तो उजेडात तयार होतो. रात्री रंध्रं उघडी असली तरी झाड कार्बन डायऑक्साइड आत घेत असतं, ऑक्सिजन बनवत नसतं.

आणखी एक गोची आहे. या नावाने विकलं जाणारं रोप पुष्कळदा मेक्सिकोकडची, तशीच दिसणारी एकेव्हेरिया असते. पानाची कड उजेडात धरून पाहा: सेम्परव्हायवमच्या कडेला बहुधा बारीक केसांची झालर दिसते, एकेव्हेरियाच्या कित्येक जातींच्या पानांवर मेणासारखा पांढुरका थर असतो. फुलोरा आला तर शंकाच नको. सेम्परव्हायवमचा तुरा मधोमध येतो आणि फुलून गेल्यावर तो गुच्छ मरतो, बाजूची पिल्लं उरतात. एकेव्हेरियाचा दांडा बगलेतून येतो, झाड जगतं.

ज्यांच्याकडे खरंच आलंय त्यांनी मातीची उथळ कुंडी घ्यावी, बारीक खडी आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) मिळून निम्म्याहून जास्त घालावं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाळावं. मे संपायच्या आत कुंडी सोप्यावर पागोळ्यांपासून लांब, भरपूर उजेडात ठेवावी. रात्री पंखा लावता आला तर उत्तम. खालची पानं कागदासारखी सुकली तर घाबरू नका, ती तशीच सुकतात. पानं पिवळट, काचेसारखी पारदर्शक दिसली आणि गाभा चिमटीत धरताच अलगद सुटून आला, तर मात्र त्या दिवशीच धडधाकट पिल्लं वेगळी करून कोरड्या खडीवर ठेवा. नवीन घ्यायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी घ्या. मे महिन्यात स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका.