ऑपरेशन तासाभराचं, हेलपाटे त्याच्या आधीचे

"तुमचं बरंय बाबा, मिल्ट्रीवाल्यांचं सगळं फुकट असतं."

हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलंय, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलंय आणि माझ्या वडिलांना, आण्णांना, पुण्याला नेताना एसटीतही ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आण्णांचं ऑपरेशन होऊन आता ते घरी खुटखुटीत फिरायला लागलेत, मलाही जरा उसंत मिळालीय, तर या फुकटाबद्दल एकदा सविस्तर लिहावं म्हणते. पोस्ट मोठी होणार. वेळ असेल तरच वाचा.

योजनेचं नाव ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. आज पेन्शनवर येणाऱ्या हवालदारापर्यंतच्या जवानाकडून तिच्यासाठी एकरकमी ३० हजार रुपये घेतात, जेसीओंकडून (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) ६७ हजार, अधिकाऱ्यांकडून १ लाख २० हजार. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ही रक्कम माफ आहे आणि आमचे आण्णा त्यात बसतात. मराठा लाईट इन्फंट्रीतून १९९१ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. तेव्हा हो, आमच्या घरातून वर्गणी गेली नाही. उमेदीची वर्षं गेली, ती वेगळी.

योजना चांगली आहे, हे आधीच सांगते. काही वर्षांपूर्वी आण्णांच्या हृदयात स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसला तेव्हा ही योजना नसती तर आमचं विहिरीखालचं रान विकावं लागलं असतं. साताऱ्यातल्या आमच्या माण तालुक्यात विहिरीखालचं रान म्हणजे काय ते माणदेशी माणसाला सांगायला नको. पाऊस नाही म्हणून तर इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या भरतीला पळतात. म्हणून कुणी योजनेला शिव्या घालत असेल तर मी त्यात नाही. माझं म्हणणं फक्त एका तुकड्यापुरतं आहे. ऑपरेशन ठरल्यापासून ते प्रत्यक्ष होईपर्यंतच्या काळाचा विचार कुणीच केलेला नाही. त्या काळात पेशंटला एवढं फिरवलं जातं की धडधाकट माणूस आजारी पडेल.

आण्णा ७६ वर्षांचे. एका रात्री लघवी पूर्ण अडकली. दहिवडीत डॉक्टरांनी नळी घातली, पिशवी लावली, म्हणाले प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलंय, ऑपरेशन करावं लागेल. आम्ही योजनेच्या साताऱ्यातल्या दवाखान्याला, म्हणजे पॉलिक्लिनिकला, जोडलेलो, तिथे गेलो. मेडिकल ऑफिसर मॅडम समजूतदार होत्या, स्टाफही बरा. साताऱ्यातल्या सर्जननी तपासून सांगितलं की दुर्बिणीतून साधं ऑपरेशन आहे, पण स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तेव्हा कार्डिऑलॉजिस्ट हाताशी असेल अशा ठिकाणी करा. पुण्याला जा. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. रेफरल, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी, मिळालं, पुण्यातलं योजनेच्या यादीवरचं (पॅनलवरचं) एक हॉस्पिटल मिळालं. नाव लिहीत नाही, कारण जे आमच्या बाबतीत झालं ते फौजींच्या घरोघरी थोड्याफार फरकानं ऐकायला मिळतं.

पहिल्या वेळी सर्जननी पाच मिनिटं बघितलं आणि तपासण्यांची चिठ्ठी दिली. रक्त, साखर, किडनी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघायला). शिवाय कार्डिऑलॉजिस्टचं फिटनेस आणि सगळ्यात शेवटी भूलतज्ज्ञांची तपासणी, तिला तिकडे सगळे 'पीएसी' म्हणतात. आता गंमत बघा. सर्जनची ओपीडी एका वारी, कार्डिऑलॉजिस्टची दुसऱ्या वारी, भूलतज्ज्ञांची तिसऱ्याच. पुण्यात राहणाऱ्याला याचं काही वाटत नाही, रिक्षानं येतो आणि जातो. आम्ही मोगराळे घाट उतरून फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड करत, दिवे घाट उतरून हडपसरला यायचं, 'डॉक्टर आज नाहीत, शुक्रवारी या' ऐकायचं आणि त्याच वाटेनं परत.

तिकिटाचा प्रश्न नाही, हे मुद्दाम सांगते. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून. सरकारनं प्रवास स्वस्त केलाय, नाकारत नाही. प्रश्न प्रवासाचाच आहे.

लघवीची नळी आणि पिशवी घेऊन एसटीत बसलेला म्हातारा माणूस तुम्ही कधी नीट पाहिलाय का? पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवावी लागते, वर गेली की लघवी उलटी फिरते. म्हणून ती पायाशी, कापडी पिशवीत, बाहेरून दिसू नये अशी. गर्दी झाली की माणसं पायावर पाय देत पुढे सरकतात, नळी ओढली जाते. आण्णा ओठ आवळून बसायचे, हूं की चूं नाही. पिशवी भरली की रिकामी करायला फलटण स्टँड किंवा जेजुरी. पुरुषांच्या मुतारीत मी जाऊ शकत नाही. मी बाहेर उभी, आतमध्ये आण्णा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पायजम्याची नाडी धरून. एकदा एक कंडक्टर स्वतःहून त्यांच्याबरोबर आत गेला आणि आण्णा येईपर्यंत गाडी थांबवून ठेवली. त्याचा भाऊ आर्मीत होता. पण प्रत्येक गाडीला असा कंडक्टर नसतो.

आण्णांनी यावर स्वतःचा उपाय काढला. पुण्याला जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. मला पत्ताच नाही. मुलीशी या गोष्टी बोलायच्या नाहीत हा त्यांचा नेम, तो या दुखण्यातही त्यांनी सोडला नव्हता. कल्चरमध्ये इन्फेक्शन निघालं. लघवीत जंतू असताना हे ऑपरेशन करत नाहीत, जंतू रक्तात जायचा धोका असतो. म्हणून आधी अँटिबायोटिक, मग पुन्हा कल्चर. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतातच, तिथे कुणाचा इलाज नाही. तेव्हा एकतर पुण्यात मुक्काम, नाहीतर नमुना देऊन घरी आणि रिपोर्टसाठी परत. सर्जननी विचारलं, "बाबा, पाणी किती पिता?" आण्णा गप्प. मग मान खाली घालून म्हणाले, "साहेब, गाडी थांबत नाही."

डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणणार, एसटी पिऊ नका म्हणणार. पाणी कमी म्हणून इन्फेक्शनला वाव, इन्फेक्शन म्हणून तारीख पुढे, तारीख पुढे म्हणून परत एसटी. यात कुणाचा हलगर्जीपणा दाखवता येतो? कुणाचाच नाही. प्रत्येकानं आपापलं काम नियमानं केलं.

भूलतज्ज्ञांबद्दल लोक उगाच चिडतात. त्यांचं बरोबरच असतं. ७६ वर्षांचा स्टेंटवाला माणूस, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस आधी थांबवायची हे कार्डिऑलॉजिस्टनं लेखी दिल्याशिवाय कोण हात लावेल? ही गोळी, क्लोपिडोग्रेल, साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट कधीचा आहे त्यावर सगळं ठरतं, आणि मनानं थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी व्हायची भीती. पण साताऱ्यात नुकताच काढलेला इको 'बाहेरचा' म्हणून बाजूला ठेवून पुन्हा काढायला लावला, तिथे मला पहिल्यांदा राग आला. मशीन तेच, हृदय तेच. आणि छातीचा एक्स-रे? ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेनं २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी सरसकट छातीचा एक्स-रे काढू नका. आमच्याकडे आण्णांचा एक्स-रे दोनदा निघाला. बिल योजनेवर, म्हणजे तुमच्या-माझ्या करातूनच.

हे सगळं होईस्तोवर रेफरलची मुदत संपली. नवीन रेफरलसाठी परत सातारा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, ईसीएचएस कार्ड, सगळ्यांच्या झेरॉक्सची फाईल एवढी झाली की तिचंच ओझं वाटायला लागलं.

माझी किरकोळ रजा संपली, मग बिनपगारी. भाऊ स्वतः जम्मूत पोस्टिंगवर, त्याला सुट्टी मिळाली ती ऑपरेशनच्या वेळी. हडपसरला मावशीचं घर आहे म्हणून मुक्कामाचं निभावलं. ज्यांचं कुणी नाही त्यांनी काय करायचं? आमच्याच गावात एका सैनिकाची विधवा आहे, काकूच म्हणते मी त्यांना. मोतीबिंदूसाठी पुण्याचं रेफरल हातात होतं, सोबत यायला कुणी नाही म्हणून मुदत संपू दिली. आता एका डोळ्यानं चूल सांभाळतात. ईसीएचएसचे लाभार्थी पन्नास लाखांच्या वर आहेत, त्यात अशा काकू किती असतील याचा विचार करा. रेफरल दिलं म्हणून नोंद झाली. पेशंट पोचलाच नाही, हे कुठल्या रजिस्टरला चढतं?

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी वेगळं खातं आहे. तिथल्या २०१८ च्या मिशन कायद्यानंतर २०१९ पासून अंतर मिनिटांत मोजतात. साध्या डॉक्टरसाठी सरासरी ३० मिनिटांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागत असेल, तज्ज्ञासाठी ६० मिनिटांपेक्षा जास्त, तर जवळच्या खासगी डॉक्टरकडे सरकारी खर्चानं जायची मुभा मागता येते. त्यांचंही सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं मुळीच नाही, तिथेही लोक वर्षानुवर्षं भांडतात. पण पेशंटच्या घरापासून डॉक्टरच्या दारापर्यंत किती वेळ लागतो हा प्रश्न कुणीतरी कागदावर विचारला, एवढं मला त्यातलं घ्यावंसं वाटतं. आमच्याकडे माणच्या टोकावरचा फौजी आणि पुण्यात वानवडीतला फौजी, दोघांना रेफरलचा कागद तोच.

पुण्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही. ऑपरेशन तिथेच व्हावं, चांगल्या हातांनी व्हावं. पण ऑपरेशनच्या आधीचं काम जिल्ह्यात का होऊ नये? रक्त, ईसीजी, कल्चर यांना पुण्याचं पाणी लागत नाही. साताऱ्यात, कराडात लॅब आहेत, इको काढणारे आहेत. सर्जननी पहिल्याच दिवशी यादी द्यावी, ती पॉलिक्लिनिकमार्फत जिल्ह्यातच पूर्ण व्हावी, रिपोर्ट ऑनलाइन जावेत. भूलतज्ज्ञांनी आधी व्हिडिओवर बोलून घ्यावं, काही शंका असेल तर तेव्हाच सांगावं. प्रत्यक्ष तपासणी भरतीच्या आदल्या दिवशी, तिथेच. सेनादलांनी मे २०२१ मध्ये 'सेहत' नावाची टेलिओपीडी, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला, सुरू केली आहे, म्हणजे यंत्रणा मुळात नाही असंही नाही. सर्दी-खोकल्याला व्हिडिओवर डॉक्टर चालतो, तर 'तुमचा रिपोर्ट ठीक आहे, गोळी अमुक तारखेपासून थांबवा' एवढं सांगायला म्हाताऱ्याला घाट उतरायला का लावायचं?

यावर एक उत्तर मला ठरलेलं मिळतं, बाहेरच्या रिपोर्टची खात्री कोण देणार? प्रश्न रास्त आहे. मग जिल्ह्यातल्या चार लॅब तपासून ठरवून द्या, त्यांचाच रिपोर्ट चालेल म्हणा. पॅनल करताना हॉस्पिटलं तपासताच ना? आणि ज्यांना एका दिवसात सगळं उरकायचंय त्यांच्यासाठी महिन्यातून एक वार ठेवा, त्या दिवशी सर्जन, कार्डिओ आणि भूल हे तिघं एकाच मजल्यावर. बाहेरगावच्या पेशंटच्या रेफरलवर मोठ्या अक्षरात 'बाहेरगाव' लिहिलं, तरी खिडकीवरच्या माणसाला कळेल की याला 'उद्या या' म्हणायचं नाही.

दुसरं उत्तर आण्णांच्या वयाचे फौजीच देतात, त्याचा मला जास्त त्रास होतो. "अगं, आम्ही सियाचीन बघितलंय, एसटीचं काय घेऊन बसलीस." यांना कोण समजावणार. चोवीस वर्षांच्या जवानानं काय सोसलं त्यावरून शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं काय सोसावं हे ठरत नसतं.

ज्यांचं असंच ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातलं थोडं. निघण्याआधी फोन करून कोणत्या वारी कोणते डॉक्टर असतात ते लिहून घ्या. पुण्याला पहिल्यांदा जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, स्टेंटचं कार्ड तर नक्कीच, आणि त्यातले कोणते तिथे चालतील हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. रेफरलची मुदत संपायच्या आधी पॉलिक्लिनिकला कळवा. नळी असेल तर पायाला बांधायची छोटी पिशवी मेडिकलमध्ये मिळते, ती मागा, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. वाटेत अडचण होईल म्हणून पाणी तोडू नका, जमलं तर दोन-चार घरं मिळून गाडी करा.

पुढच्या माजी सैनिक मेळाव्यात मी हे सगळं लेखी देणार आहे. एकटीचा अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. तेव्हा माण-खटावमधल्या फौजींच्या घरच्यांनी, विशेषतः ज्या मावश्या-काकूंना स्वतः लिहिता येत नाही त्यांच्या मुलासुनांनी, ऑपरेशनच्या आधी कशाकशासाठी फेऱ्या झाल्या त्या तारखा आणि कारणं मला मेसेज करा. हॉस्पिटलचं नाव नको, डॉक्टरांचं नको. नुसती तारीख, कुठून कुठे, आणि काय सांगून परत पाठवलं ते.