माझा डावा कल्ला आणि चौसष्टचा सप्टेंबर

शनिवारी सकाळी मी दक्षिण फिलाडेल्फियात एका न्हाव्याकडे केस कापायला गेलो आणि बाहेर पडलो तेव्हा उजवा कल्ला कानाच्या मध्यापर्यंत होता, डावा नव्हताच. चूक माझी. मानेभोवती कापड आवळलेलं आहे, मागे उभा असलेला माणूस सत्तरीचा आहे, त्याच्या हातात यंत्र गुरगुरतंय, अशा वेळी या शहरात म्हणू नये की, "जीन मॉकचा तसा फारसा दोष नव्हता."

यंत्र बंद झालं. बाकावर वाट बघणाऱ्या दोघांनी फोन खाली ठेवले.

प्रकरण असं. २० सप्टेंबर १९६४ला इथला बेसबॉल संघ फिलाडेल्फिया फिलीज नॅशनल लीगमध्ये साडेसहा सामन्यांनी पुढे होता आणि खेळायचे उरले होते फक्त १२. (अर्धा सामना कुठून आला? जिंकलेल्यांतला फरक आणि हरलेल्यांतला फरक यांची बेरीज करून निम्मी करतात.) लीग जिंकणारा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, खेळतो; तिची तिकिटं छापून तयार होती. त्यानंतर फिलीज ओळीने १० हरले आणि अखेर सेंट लुईस कार्डिनल्सनी त्यांना एका सामन्याने मागे टाकलं. मॉक त्यांचा मॅनेजर. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे ऑफिसातला नव्हे. हा टीमचाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो आणि आज पिचर (म्हणजे गोलंदाज) कोण, त्याला काढायचा कधी, हे ठरवतो. थोडक्यात, खापर फोडायला आयतं डोकं.

"दोष नव्हता?" न्हावी म्हणाला. "तुला काय माहीत? मी अकरा वर्षांचा होतो. उशीखाली रेडिओ होता माझ्या." इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, पण कोण आपल्याला काय म्हणतोय हे मराठी माणसाला मानेवरच्या पकडीवरून कळतं. तो मला 'तू' म्हणत होता.

मग त्याने समोरच्या फळीवर मैदान मांडलं. पावडरचा डबा ही होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो आणि धाव पूर्ण होते ती जागा. निळ्या पाण्यात कंगवे बुडवलेली बरणी म्हणजे फिलीजचा पिचर आर्ट महॅफी. पाण्याचा फवारा म्हणजे बॅट घेऊन उभा असलेला सिनसिनाटीचा फ्रँक रॉबिन्सन. तिसऱ्या बेसला फळीवर जागा उरली नाही, म्हणून तिसरा बेस झाला माझा डावा कान. आणि तिसऱ्या बेसवरचा चिको रुईझ? ते यंत्र.

"२१ सप्टेंबर. सहावी इनिंग. शून्य-शून्य. दोन आउट," असं म्हणून त्याने यंत्र सुरू केलं.

रुईझही सिनसिनाटीचाच, आणि तो फटक्याची वाट न बघता तिसऱ्या बेसवरून थेट होम प्लेटकडे धावत सुटला. इथे थांबून सांगायला हवं की त्याने जे केलं ते वेडेपणाचंच होतं. रॉबिन्सन म्हणजे त्या संघाचा सगळ्यात मोठा फलंदाज. स्ट्राइकला तेंडुलकर आहे आणि दुसऱ्या टोकाचा अकरा नंबरचा गडी चेंडू पडायच्या आत धावत सुटलाय, अशी कल्पना करा. त्यातून बेसबॉलमध्ये हा गडी थेट फलंदाजाच्या अंगावरच येतो. रॉबिन्सनने बॅट फिरवली असती तर चेंडूबरोबर रुईझचं डोकंही गेलं असतं. पण महॅफीला डोळ्याच्या कोपऱ्यातून धावणारा दिसला, चेंडू बाहेर गेला, कॅचर डॅलरिंपलच्या हाती लागला नाही. रुईझ घरी. १-०. सामना तिथेच संपल्यात जमा.

हे सगळं मला आधीच पाठ होतं. तरी यंत्र कानापासून निघून गालाकडे धावत गेलं, पावडरच्या डब्यावर आपटलं आणि न्हाव्याने अंपायरसारखे दोन्ही हात आडवे पसरून "सेफ!" अशी आरोळी ठोकली. बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा कल्ला कापडावर पडला होता.

"पण यात मॉकने काय केलं?" मी आरशातल्या त्याला विचारलं. कल्ल्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

"त्यानंतर घाबरला! बनिंग आणि शॉर्ट, बनिंग आणि शॉर्ट!"

हा मुद्दा मात्र खरा आहे. तेव्हाच्या रिवाजाने पिचरला दोन सामन्यांच्या मध्ये तीन दिवस विश्रांती मिळायची, आता चार किंवा जास्त मिळते. मॉकने पिचर ख्रिस शॉर्टला २२ला खेळवून २५ आणि २८ला पुन्हा उभं केलं. जिम बनिंगला २४नंतर २७ आणि ३०ला. म्हणजे मध्ये दोनच दिवस. शंभरेक चेंडू जीव तोडून फेकलेला खांदा दोन दिवसांत भरून येत नाही. हात आपोआप खाली येतो, वळायचा चेंडू वळत नाही, फलंदाजाच्या पुढ्यात तरंगत राहतो. २७ला फिलीजच्या कॅलिसनने तीन होमरन मारले, तरी फिलीज १४-८ने हरले. असल्या विश्रांतीवरचे चार सामने, चारही पराभव.

पण बाकीचे सहा? पिचर रे कल्पचं कोपर गेलेलं, दुसरा पिचर डेनिस बेनेटचा खांदा दुखरा, फलंदाज फ्रँक थॉमसचा अंगठा ८ सप्टेंबरलाच मोडलेला. २६ला पुरेशी विश्रांती घेतलेला महॅफीच उभा केला होता, तरी ६-४ने हरले. कॅलिसनला तर सेंट लुईसमध्ये ताप होता. फटका मारून पहिल्या बेसवर पोचला तेव्हा तो इतका थरथरत होता की जॅकेटची बटणं प्रतिस्पर्ध्याच्या बिल व्हाइटने लावून दिली. आता याला मॅनेजरने काय करावं, क्रोसिन द्यावी? शिवाय त्याच दिवसांत सिनसिनाटी ओळीने नऊ आणि कार्डिनल्स ओळीने आठ जिंकले. माझा हिशेब साधा आहे: दहातले चार मॉकच्या खात्यावर. त्यातला एक जरी वाचला असता तर निदान बरोबरी झाली असती. म्हणजे दोषी आहे, पण फाशीचा नाही.

दहाला चार असा निकाल कोणाला आवडत नाही. माणसांना पूर्ण माणूस हवा असतो.

आणि शिक्षेचं म्हणाल तर त्या वर्षाने सगळ्यांचीच थट्टा केली. कार्डिनल्सचा मॅनेजर जॉनी कीन याला मालक ऑगस्टमध्येच घालवायला निघाले होते. त्याने वर्ल्ड सिरीज जिंकून दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच राजीनामा दिला. त्या सिरीजमध्ये हरलेल्या यांकीजनी आपला मॅनेजर योगी बेरा याला काढलं आणि त्याच्या जागी कोणाला आणलं? त्याच कीनला. ज्याची टीम कोसळली तो मॉक मात्र १९६८पर्यंत फिलीजमध्येच राहिला! एकूण २६ हंगाम मॅनेजरकी केली आणि एकदाही वर्ल्ड सिरीज गाठली नाही. १९८६ला कॅलिफोर्निया एंजल्स वर्ल्ड सिरीजपासून फक्त एका स्ट्राइकवर (समोरच्या फलंदाजाने आणखी एक चेंडू हुकवला की झालं) येऊन ठेपले होते, तेव्हाही डगआउटमध्ये हाच.

मी हुशारी केली. विचारलं, "मग २००७चं काय? न्यूयॉर्क मेट्स १७ सामने उरले असताना सातने पुढे होते आणि कोसळले. मॅनेजर विली रँडॉल्फचा दोष?"

"ते वेगळं," न्हावी म्हणाला. "तिथे आमची पोरं छान खेळली."

पुढे आलेले फिलीजच होते ना! मी मान हलवली, ही आणखी एक चूक. मागचं थोडं गेलं.

"उजवा पण काढून टाकू, जुळेल," तो म्हणाला. मी नको म्हणालो. पैसे द्यायला गेलो तर पडद्यावर टिपचे तीन चौकोन: १८, २०, २५ टक्के. 'काही नाही' हा चौथा पर्याय खाली बारीक करड्या अक्षरांत, आणि न्हावी माझ्या खांद्यावरून बघतोय. या देशात आपलं नुकसान करणाऱ्याला वर किती द्यायचे, हे नुकसान करणाराच ठरवतो. त्याच्यासमोर 'काही नाही' दाबायची माझी हिंमत नाही. १८ दाबलं.

दारात म्हटलं, "डावीकडे जरा फुटले की येतो. दोन दिवसांनी."

"दोन?" तो कापड झटकत म्हणाला. "चार दिवस तरी विश्रांती दे त्यांना. मॉकसारखं करू नकोस."