हालचाल फक्त नोंदवहीत असावी

विद्यापीठात नोकरी लागली, पेढे वाटून झाले, आता जरा इकडे या. बसा. हो, बसाच, बसण्याबद्दलच सांगायचं आहे.

रुजू झालात की तुम्हाला एक जाड वही दाखवतील. तिचं नाव हालचाल नोंदवही. टेबल सोडून कुठे चाललात, कशाला, किती वाजता, परत कधी, सगळं तिच्यात लिहायचं. नाव वाचूनच मला पहिल्या दिवशी उलगडा झाला की या इमारतीत हालचालीची सोय नेमकी कुठे केलेली आहे. मी 31 वर्षं नोकरी केली. त्या वहीत माझ्या नावाने पान-दीड पान भरलं असेल, आणि गोपनीय अहवालात ‘जागेवर उपलब्ध असतात’ हा शेरा कायम. मनावर घेतलंत तर तुम्हालाही जमेल.

सुरुवात खुर्चीपासून करा. हात असलेली, पाठ उंच, आणि पाठीवर टॉवेल. टॉवेल घाम पुसायला नसतो, घाम येण्याचा प्रश्नच नाही. तो हुद्दा दाखवायला असतो. मग टेबल असं लावा की शिक्का, स्टॅम्प पॅड, पंचिंग मशीन, टाचण्या, डबा आणि बेलचं बटण, सगळं बसल्या जागी हाताला लागलं पाहिजे. शेजारच्या टेबलावर कागद द्यायचा असेल तर चुकूनही उठून देऊ नका. तो आधी जावकला जाईल, तिथून आवकला येईल, तिसऱ्या दिवशी शेजारी पोहोचेल. अंतर चार फूट. पण फाइलने फिरावं आणि आपण बसावं, हीच रीत आहे. कोणी नवखा उत्साहाने उठलाच, तर चारी बाजूंनी प्रेमळ हाक येते, “अरे बठ ना भो, कथा चालना?” म्हणजे बस ना भाऊ, कुठे चाललास? खान्देशात पाहुण्याला आणि सहकाऱ्याला उभं ठेवायची पद्धत नाही.

इंग्रजांनी यावर फार पूर्वी अभ्यास करून ठेवला आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ताडून पाहिले. बस तीच, रस्ता तोच, धूर तोच. फरक इतकाच की ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं देत दिवसभर जिना चढतो-उतरतो. 1953 साली निष्कर्ष छापून आला: हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त, कंडक्टरांत कमी. पोस्टातही तीच गत, फिरणारे पोस्टमन बरे आणि टेबलावरचे कारकून धोक्यात. पुढे या गृहस्थांनी गणवेशाची मापंही तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या. 

एखादा भित्रा माणूस हे वाचून जिना चढायला लागेल. मी उलट विचार केला. एस.टी.त सुट्ट्या पैशांवरून बोलणी कोण खातं? कंडक्टर. ड्रायव्हरशी कोणी वाद घालतं का? मग? परीक्षा विभागाचे गठ्ठे घेऊन तीन मजले चढणारा शिपाई हा आमचा कंडक्टर, आणि सही करणारे आम्ही ड्रायव्हर. बढती म्हणजे तरी काय असतं हो? दर हुद्द्याला चालणं कमी होत जातं. कुलसचिवांची गाडी तर थेट पायरीला लागते.

आता तुम्ही म्हणाल, जागतिक आरोग्य संघटना काही वेगळंच सांगते. सांगते खरी. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा, असं लिहिलंय. आकड्याला घाबरू नका. 150 मिनिटं आमची एक साधी बैठक चालते, तीही चहा धरून. आणि मध्यम श्रम म्हणजे काय, तर ज्यात माणसाला बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. या व्याख्येत विद्यार्थी संघटनेचं निवेदन स्वीकारणं चपखल बसतं. निकाल लागल्यानंतरचे फोन तर जोरदार श्रमात धरायला हरकत नाही, तेव्हा धड बोलताही येत नाही. स्नायूंचं म्हणाल तर उत्तरपत्रिकांचं कपाट उघडून बघा, त्याचं दार.

हवामानही आपल्या बाजूने आहे, हे विसरू नका. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना चालायला जा म्हणणारा माणूस आपला हितचिंतक असूच शकत नाही. (पहाटे पाचला हवा छान असते असं काही लोक म्हणतात. मी ती पाहिलेली नाही.) उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, आणि हिवाळ्यात भरीत. भरिताच्या मोसमात व्यायाम सुरू करणं हा तर वांग्यांचा अपमान आहे. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असतात, कोणीतरी लाकडी भांड्यात मिरच्या-लसणासकट दणादण ठेचत असतो, दंड त्याचे भरतात. आपण पंगतीत मांडी घालून कळण्याच्या भाकरीची, नाहीतर पुऱ्यांची वाट बघायची. वर तेलाची धार. कमरेबद्दल डॉक्टर सांगतात की भारतीय पुरुषाला 90 आणि बाईला 80 सेंटीमीटरपुढे जाऊ देऊ नये. पट्ट्याला नवं भोक पाडायला मोची दहा रुपये घेतो.

वर्षातून एक दिवस मात्र हलावं लागतं. 21 जून. 2015 पासून योग दिन सुरू झाला आणि आमची 364 दिवसांची सुटका झाली. पांढरा टी-शर्ट पोटावर ताणून सकाळी साडेसहाला मैदानावर हजर राहायचं. जागा मागच्या रांगेत धरू नका, तिथे खरोखर योग करणारे असतात. पुढच्या रांगेत या, ताडासनात फोटो होतो आणि फोटोनंतर पोहे. फोटो जिओटॅगचाच हवा, कारण नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाला श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, सातव्या निकषात ‘बेस्ट प्रॅक्टिस’ दाखवायची असते. ठेकेदाराकडच्या मावश्यांनी ते मैदान पहाटेच झाडलेलं असतं, वाकून, खराट्याने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोटोच्या वेळी त्यांना बाजूला व्हायला सांगतात. बॅनरवर ‘कर्मचारी आरोग्य’ लिहिलेलं असतं आणि मावश्या कर्मचाऱ्यांत मोडत नाहीत, त्याला आपण काय करणार?

एकदा मात्र प्रसंग बाका आला होता. महिनाभर पावलं मोजायची स्पर्धा निघाली, रोज दहा हजार. मी लगेच मुळाशी गेलो. टोकियो ऑलिम्पिक झालं 1964 ला, आणि 1965 मध्ये एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. म्हणजे आकडा दवाखान्यातून नाही, दुकानातून आलेला. हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा विभागाने एकमताने चालणं रद्द केलं. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो, असं पुढच्या संशोधनात दिसलंय. ते सांगायचं मी टाळलं.

पण परिपत्रकाला उत्तर तर द्यायला हवं. तेव्हा आम्ही आमच्या शिपायाला, सगळे त्यांना अप्पा म्हणत, सहा मोबाइल एका कापडी पिशवीत घालून दिले. अप्पा टपाल घेऊन परीक्षा विभागात गेले की आम्ही सहा जण परीक्षा विभागात जायचो. अप्पा बँकेत गेले की आम्हीही. कोणाचा फोन आला तर पिशवी वाजायची आणि अप्पांना तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली यावं लागायचं. त्या दिवशी आमचे आकडे विशेष चांगले यायचे. महिन्याअखेर पहिले सहा क्रमांक आमच्या विभागाचे, पावलं जवळपास सारखी. समितीने आमच्या एकोप्याचं कौतुक केलं. अप्पांकडे बटनांचा साधा फोन होता, त्यामुळे त्यांचं नाव यादीत येण्याचा प्रश्न नव्हता. प्रमाणपत्रं टेबलाटेबलावर त्यांनीच आणून दिली. महिन्याभरात त्यांनी एकच कुरकुर केली, चप्पल झिजली म्हणून. वर्गणी काढून नवी घेऊन द्यायचं ठरलंय. फाइल चालू आहे.

आजारी पडलात तरी गडबडून जाऊ नका. वैद्यकीय रजेवरून परत येताना डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट जोडावं लागतं. माणूस तंदुरुस्त आहे असं सरकारी कागदावर येण्याचा तेवढा एकच मार्ग मला माहीत आहे, आणि मी तो चार वेळा वापरला.

मी आता निवृत्त आहे. साखर आहे, गुडघे आहेत. डॉक्टरांनी बजावलं म्हणून रोज सकाळी जळगावच्या मेहरुण तलावावर जातो, मोटारसायकलने. तिथे बसायची सोय आहे, पण साडेसहाच्या आत गेलात तरच जागा मिळते. आमचा बहुतेक आस्थापना विभाग तिथेच असतो. मागच्या आठवड्यात अप्पा दिसले. तेही निवृत्त झालेत. भरभर येत होते, हात हलवत. मी सरकून जागा केली आणि हाक मारली, “अप्पा, बठा ना!”

“आते नही, साहेब,” म्हणाले. “आखो एक फेरा बाकी शे.”

आणि गेले पुढे.