मोडेन पण वाकणार नाही

पिकलबॉल हा खेळ कुणीतरी माझी प्रकृती डोळ्यांसमोर ठेवून बनवला असावा, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. कोर्ट 44 फूट लांब, 20 फूट रुंद. डबल्सला चौघं उभे राहिले की धावायला जागाच उरत नाही, त्यामुळे ‘धावलो नाही’ याला ‘जागा नव्हती’ हे खणखणीत कारण मिळतं. सर्व्हिस कमरेखालून करायची, म्हणजे खांद्याचं जुनं दुखणं आपल्या जागी सुखात. बॉल प्लॅस्टिकचा, भोकाभोकांचा, वजनाला जेमतेम 25 ग्रॅम. अंगावर बसला तर लागत कमी, अपमान जास्त. शिवाय नेटपलीकडे हळूच टाकलेल्या बॉलला ‘डिंक’ म्हणतात. मी एका जागी चिकटून खेळतो, तेव्हा हा फटका मला इतरांपेक्षा लवकर जमला.

एवढं सगळं सोयीचं करून ठेवलं आणि एक गोष्ट तशीच राहिली. पॉइंट संपला की बॉल जमिनीवर पडलेला असतो आणि तो कुणीतरी उचलावा लागतो.

1965 साली अमेरिकेत बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोघांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी हा खेळ जुळवला. जागा बॅडमिंटनच्या कोर्टाची, पण बॅडमिंटनचं सामान धड सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी घेतल्या, एक भोकांचा बॉल घेतला आणि झाली सुरुवात. नेट आधी बॅडमिंटनच्या उंचीवर, म्हणजे 60 इंचांवर होतं. बॉल टप्पा चांगला घेतोय हे दिसल्यावर ते 36 इंचांवर उतरवलं. आता बघा, नेट दोन फूट खाली आणायचं या मंडळींना सुचलं, बॉल दोन फूट वर आणायचं मात्र सुचलं नाही. तरुण असणार.

माझं वाकणं ही एक क्रिया नसून प्रक्रिया आहे. आधी बॉलपाशी जाऊन त्याच्याकडे नुसतं बघायचं. मग डावा हात गुडघ्यावर. मग पॅडल, म्हणजे या खेळाची बॅट, जमिनीला टेकवून तिची काठी. मग ‘आई गं’ मधला ‘आई’. बॉल हाताला लागला की ‘गं’. वर येताना शब्द नसतात, नुसती हवा जाते. दीड तासाच्या खेळात हे पन्नासेक वेळा. मागे एकदा कमरेनं मला अर्ध्या वाटेत धरून ठेवलं, तेव्हा पार्टनरला वाटलं, मी लाइन तपासतोय.

म्हणून जेव्हा कळलं की न वाकता बॉल उचलायचं साधन मिळतं, तेव्हा मी ते त्याच रात्री मागवलं. काळ्या रबराचा कप, साधारण वाटीएवढा. पॅडलच्या मुठीच्या बुडाला बसवायचा, पॅडल उलटं धरायचं, कप बॉलवर दाबायचा, बॉल वर. खोक्यावर एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ पट्टीसारखा ताठ उभा राहून हसत होता. मला त्याचं हसणं नाही, ताठ असणं आवडलं.

‘‘मोरी तुंबली की वापरतात ते का हे?’’ बायकोनं विचारलं.

‘‘नाही गं. हे पॅडलला लावायचं.’’

‘‘म्हणजे दांडा वेगळा येत नाही?’’

‘‘पॅडल हाच दांडा.’’

‘‘अहो, मग मोरी तुंबल्यावर पॅडल शोधत बसायचं का?’’

हा विषय मी वाढवला नाही. त्याऐवजी बायकोला आणि मुलीला विज्ञान समजावून सांगितलं. कप दाबला की आतली हवा बाहेर जाते, पोकळी तयार होते, बाहेरच्या हवेचा दाब बॉलला कपात ढकलतो. मी हातवारे करून बाहेरच्या हवेची भूमिका करत असताना मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, बॉलला भोकं आहेत.’’

आहेत खरी. मैदानी बॉलला साधारण 40, इनडोअरला 26. चाळणीत पोकळी तयार करायची माझी कल्पना तिथेच फुटली. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं, तेव्हा कळलं की हवेचा यात काही संबंध नाही. रबराची कड बॉलला चहूबाजूंनी आवळते, एवढंच. मुलगी हे वाचून दाखवत होती आणि बायको माझ्याकडे, म्हणजे बाहेरच्या हवेकडे, बघत होती.

कप बसवायला अर्धा तास लागला. मुठीचं बूड आधीच जाड, त्यावर मी घाम टिपायला दोन पदरी ग्रिप गुंडाळलेली. एका बाजूनं रबर ओढून बसवावं तर दुसऱ्या बाजूनं निसटून अंगठ्यावर फटका. शेवटी कप कोमट पाण्यात भिजवला, पॅडल गुडघ्यांत धरलं आणि डोळे मिटून ढकललं. बसला. मी ओढून बघितला, पिरगाळून बघितला. ‘‘आता हा जन्मात निघत नाही,’’ असं मी म्हणालो. हे वाक्य घरच्या दोन साक्षीदारांसमोर म्हटलं गेल्याने मला ते नाकारता येत नाही.

मग दिवाणखान्यात सराव. बॉल सरळ वरून दाबायचा असतो. जरा कलता दाबला की तो साबणाच्या वडीसारखा सुटतो. माझा पहिला बॉल सुटला तो थेट टीव्हीच्या दिशेनं. त्याच्यामागे मी, उलटं पॅडल उगारून, ठक, ठक, ठक, प्रत्येक वेळी बॉल जिथे नुकताच होता तिथे अचूक. झुरळामागे चप्पल घेऊन धावणारा माणूस बाहेरून कसा दिसत असेल, हे मला त्या रात्री बायकोच्या चेहऱ्यावर दिसलं. शेवटी बॉल सोफ्याखाली गेला, अगदी भिंतीपर्यंत. वाकावं लागू नये म्हणून आणलेल्या वस्तूपायी मी लग्नानंतर पहिल्यांदा घरात पोटावर सरपटलो.

पण जमलं. एकदा जमलं की ‘टप्’ असा गुबगुबीत आवाज येतो आणि बॉल आपल्या आपण हातात येतो. मी तोच बॉल चौदा वेळा ठेवला आणि चौदा वेळा उचलला. बायको म्हणाली, मग मुलीचे मोजेही उचला. मोजे त्यात येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोर्टावर मी पहिल्याच पॉइंटला मुद्दाम सर्व्हिस नेटमध्ये घातली. मुद्दाम म्हणजे, गेलीच होती. ताठ चालत गेलो, पॅडल उलटं केलं, टप्. सगळे बघत राहिले. दोघांनी कप हातात घेऊन दाबून पाहिला. आयुष्यात माझ्या खेळाकडे एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं, आणि मी अजून खेळलोही नव्हतो.

दहा मिनिटांत कौतुकाचं रूपांतर कामात झालं. एरवी बॉल ज्याच्या जवळ असेल तो उचलून सर्व्हिस करणाऱ्याकडे पाठवतो, अशी या खेळाची रीत. आता बॉल नियमवाल्या काकांच्या बुटाला लागून थांबला, तरी काका बॉलकडे बघत, मग माझ्याकडे बघत आणि म्हणत, ‘‘तुमच्याकडे ते आहे ना!’’ कुंपणाशी गेलेला बॉल माझा. बाकाखालचा माझा. शेजारच्या कोर्टावरून ‘बॉल!’ अशी हाक आली की पूर्वी सगळे थबकायचे, आता मी निघायचो. एकदा तर पलीकडच्या कोर्टावरच्या ताईंनी मला लांबूनच बोटानं बॉल दाखवला आणि पाठ फिरवून गप्पा सुरू केल्या.

हेही चाललं असतं. खरी अडचण माझ्या लक्षात यायला दुसरा गेम उजाडला. मला दम लागला होता. साधासुधा नाही. डबल्समध्ये सर्व्हिसच्या आधी तीन आकडे पुकारायचे असतात: आपले पॉइंट, त्यांचे पॉइंट आणि आपण पहिले सर्व्हर की दुसरे. मी ‘चार’ म्हटलं, श्वास घेतला, ‘सहा’ म्हटलं, श्वास घेतला, आणि तिसरा आकडा बोटांनी दाखवला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी जास्त पळत होतो का? छे. मग उजेड पडला.

स्कोअर पुकारल्यावर 10 सेकंदांत सर्व्हिस करावी लागते. पण स्कोअर पुकारण्याच्या आधी, बॉलपाशी जाणं, त्याच्याकडे बघणं, गुडघ्यावर हात, काठी, ‘आई’, ‘गं’, हे सगळं आमच्यासारख्यांच्या खेळात घड्याळ लावून कुणी मोजत नाही. वरून लोक सहानुभूतीनं थांबतात. गेली दोन वर्षं मी वाकत नव्हतो, विश्रांती घेत होतो. आणि ती मी स्वतःच्या पैशानं, रबराच्या कपात घालून घालवली होती. माझ्या गुडघ्यांचा प्रश्न सुटला आणि तो फुप्फुसांकडे वर्ग झाला.

भरीत भर म्हणजे मी मूठ अगदी बुडाशी धरतो, करंगळी कडेवर टेकवून. तिथे आता कप. त्यामुळे हात इंचभर वर सरकला आणि पूर्वी जो बॉल माझ्यापासून नेमका एक हात लांब असायचा, तो एक हात आणि एक इंच लांब राहू लागला.

तरीही शेवटचा गेम आम्ही खेचला. त्यांचे 10, आमचे 9, सर्व्हिस त्यांची. रॅली लांबली. डिंकावर डिंक. आणि मग काकांच्या हातून एक बॉल उंच उठला, थेट माझ्या समोर. मी किचनच्या लाइनच्या मागे होतो. किचन म्हणजे नेटजवळचा 7 फुटांचा पट्टा. त्यात उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही, म्हणजे व्हॉली चालत नाही, हे पक्कं ठाऊक असल्याने मी खाली बघून पाय तपासले, वर बघून बॉल तपासला, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा फटका मारला. बॉल दोघांच्या मधून गेला. कुणाला हलताही आलं नाही.

पार्टनरनं टाळीसाठी हात वर केला. मीही केला. तेव्हा मला मूठ हलकी लागली.

जन्मात न निघणारा कप किचनच्या मधोमध, स्वतःभोवती गोल गोल फिरत होता. घामानं भिजलेल्या ग्रिपवरून तो फटक्यासरशी सुटला होता. तो फिरायचा थांबेपर्यंत कुणी बोललं नाही. मग काकांनी एक बोट वर केलं.

‘‘व्हॉली मारताना अंगावरची किंवा हातातली कोणतीही वस्तू किचनमध्ये पडली, तर फॉल्ट. टोपी असो, चष्मा असो.’’ त्यांनी कपाकडे पाहिलं. ‘‘किंवा हे असो.’’

नियम तसाच आहे. अकरा-नऊ.

‘‘उचला ते,’’ पार्टनर म्हणाला. हात अजून वरच होता त्याचा.

मी सवयीनं पॅडल उलटं केलं. त्याच्या बुडाला काहीच नव्हतं. जे होतं ते खाली पडलं होतं, आणि ते उचलायला लागणारं साधन तेच होतं.

मी कपापाशी गेलो. त्याच्याकडे बघितलं. डावा हात गुडघ्यावर ठेवला, पॅडल टेकवलं, ‘आई’ म्हटलं. कप हाताला लागला, ‘गं’ म्हटलं. बाकीचे तिघंही थांबले होते, तक्रार कुणाचीच नव्हती. खाली बरंच शांत होतं. बुटाची लेस चांगली घट्ट बांधलेली दिसली. ती मी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधायला घेतली.